माजी विद्यार्थ्यांची वाटचाल आणि समाजसेवा नोंदवायची कशी? सांगली-साताऱ्यातल्या महाविद्यालयांसाठी पायरीपायरीने

नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची, समिती येणार असं कळलं की बऱ्याच महाविद्यालयांत माजी विद्यार्थ्यांच्या यादीची शोधाशोध सुरू होते. आजवरच्या नॅकच्या आराखड्यात पाचव्या निकषाखाली माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा वेगळा भाग आहे, त्यामुळे काहीतरी दाखवावंच लागतं. मग वीस-पंचवीस मोठ्या नावांचा एक तक्ता तयार होतो. दोन आमदार, एक सनदी अधिकारी, चार कारखानदार. त्याच वर्गातून बाहेर पडलेल्या हजारो मुलामुलींचं पुढे काय झालं, ते कुठेच नसतं.

सांगलीतल्या एका महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघात मी नोंदींचं काम बघते. तुमच्याकडे हे काम नव्याने आलं असेल तर ते कुठून सुरू करायचं आणि कुठे अडकायला होतं, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. एक गोष्ट आधीच सांगते. नोकरी-धंद्यातली वाटचाल आणि पगाराशिवाय लोकांसाठी केलेलं काम, ही दोन्ही एकाच नोंदीत शेजारी शेजारी असली पाहिजेत. पद माणूस आपणहून सांगतो. सेवा मात्र विचारून काढावी लागते, आणि या कामातला निम्मा वेळ त्यासाठीच राखून ठेवायला हवा.

हाताशी काय हवं

- प्राचार्यांचं लेखी पत्र: जुनं दप्तर पाहायची परवानगी आणि कामाची जबाबदारी कोणाकडे आहे, हे त्यात स्पष्ट असावं
- जनरल रजिस्टर (प्रवेश घेतलेल्या सगळ्यांची नोंदवही), निकालपत्रं, वार्षिकांकांचे जुने अंक
- राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, जिमखाना आणि वसतिगृह यांच्या हजेरीवह्या
- संघाच्या नावाचा वेगळा मोबाइल नंबर आणि ईमेल
- एक्सेल किंवा गुगल शीट, आणि त्याच्या जोडीला पुठ्ठा बांधणीची एक जाड वही
- संमतिपत्राचा छापील नमुना
- दर बॅचमागे एक खबऱ्या, म्हणजे सगळ्यांची लग्नं, बदल्या, बाळंतपणं ज्याला किंवा जिला पाठ असतात असा माणूस

शेवटचं सगळ्यात मोलाचं. असा माणूस प्रत्येक वर्गात असतोच आणि तो बहुधा गावातच राहिलेला असतो.

१. आधी दप्तर, मग व्हॉट्सअॅप

पहिला मोह असतो तो ग्रुप काढून फॉर्मची लिंक टाकण्याचा. तसं केलं तर बोलके लोक भरतात, बाकीचे राहतात, आणि कोण राहिलं हेही कळत नाही. म्हणून सुरुवात जनरल रजिस्टरपासून करा. वर्षवार, शाखावार नावं उतरवून घ्या. हा पाया असला की समोर रिकामे रकाने दिसतात आणि शोध कोणाचा घ्यायचा ते ठरतं.

जुनी दप्तरं वाचताना या भागाचा इतिहास थोडा माहीत असावा लागतो. १९४९ ते १९६० या काळात सांगली जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा होतं. पत्त्यात ‘जि. द. सातारा’ दिसलं की तो विद्यार्थी साताऱ्याचा धरू नका. तो वाळव्याचा, तासगावचा किंवा जतचा असू शकतो. पाटण, जावळीकडचे काही पत्ते तर आता नकाशावरच सापडत नाहीत, कारण ती गावं कोयनेच्या जलाशयात गेली. त्या कुटुंबांचं पुनर्वसन दूरदूरच्या जिल्ह्यांत झालं. अशा वेळी जुन्या गावाचं नाव वापरून पुनर्वसित गावाच्या ग्रामपंचायतीत चौकशी केली तर माग लागतो. पुनर्वसन झालेल्यांना आपल्या गावठाणातलं कोण कुठे गेलं हे नेमकं ठाऊक असतं.

दुसरा घोळ विद्यापीठाच्या नावाचा. सांगलीचं विलिंग्डन महाविद्यालय १९१९ सालचं. तिथल्या जुन्या पदवीधरांची पदवी मुंबई विद्यापीठाची. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झालं आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये, म्हणजे मधल्या तेरा-चौदा वर्षांतले पदवीधर पुण्याचे. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ सालचं. तिथले आधीचे डॉक्टर शिवाजी विद्यापीठाचे आणि १९९८ मध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाल्यानंतर प्रवेश घेतलेले नाशिकचे. साताऱ्यात तर रयत शिक्षण संस्थेच्या तीन महाविद्यालयांचं मिळून २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं. त्यामुळे ‘विद्यापीठ’ हा रकाना सरसकट एकच नाव टाकून भरू नका, प्रत्येकाच्या पदवीचं वर्ष बघा.

वर्ष म्हणजे कोणतं, हेही सुरुवातीलाच ठरवून टाका. काही जण प्रवेशाचं वर्ष सांगतात, काही उत्तीर्ण झाल्याचं. १९७५ च्या आधी अकरावीची एसएससी होती, मग प्री-डिग्री, मग पदवी. त्या काळातला माणूस ‘मी सत्तरच्या बॅचचा’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काय आहे ते विचारून घ्या. दोन्ही वर्षांचे दोन रकाने ठेवले की वाद मिटतो.

२. नावांचा गुंता सोडवा

बायकांची नोंद गळते ती इथे. रजिस्टरमध्ये सुनंदा असलेली मुलगी सासरी स्मिता होते. वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं आणि आडनावही बदलतं. म्हणजे नावाचे तिन्ही भाग बदलले. फेसबुकवर तिला शोधणार कसं? तिची मैत्रीण किंवा माहेरचं गाव, हे दोनच धागे उरतात. म्हणून फॉर्ममध्ये ‘महाविद्यालयातलं नाव’ आणि ‘आताचं नाव’ असे स्वतंत्र रकाने ठेवा, आणि छापतानाही दोन्ही छापा. महाविद्यालयातलं नाव आधी. ज्या नावाने ती परीक्षा पास झाली, त्या नावाने तिच्या वर्गमैत्रिणींना ती सापडली पाहिजे.

पुरुषांत टोपणनावांचा त्रास. अख्खा वर्ग ज्याला बंडू म्हणतो त्याचं पाळण्यातलं नाव कोणालाच आठवत नाही. टोपणनावाचा रकाना ठेवा, तो शोधायला फार उपयोगी पडतो.

आणि एक तांत्रिक अडचण. महाविद्यालयाच्या संगणकात आधीच एखादी यादी असेल तर ती बहुधा श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. पडद्यावर मराठी दिसते, पण शोधायला गेलं तर एक नाव सापडत नाही. पुढे काहीही करण्याआधी ती युनिकोडमध्ये रूपांतरित करा आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. ‘र’ आणि रफार हमखास बिघडतात.

३. फॉर्म छोटा ठेवा

एका पानात मावेल इतकाच. नाव, वर्षं, शाखा, गाव, सध्याचं ठिकाण, संपर्क, कामाचे टप्पे, समाजासाठी केलेलं काम, महाविद्यालयासाठी वेळ देता येईल का.

आधार, पॅन, पगार, जात यातलं काहीही मागू नका. त्याची गरज नाही, आणि एकदा घेतलं की ते सांभाळायची जबाबदारी तुमच्यावर येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यामुळे माहिती कशासाठी घेतो हे सांगून संमती घेणं हा आता कायद्याचाही भाग आहे. संमतिपत्रात तीन वेगवेगळ्या खुणा ठेवा: माहिती संघाकडे राहू द्यावी, छापावी, फोन नंबर इतर माजी विद्यार्थ्यांना द्यावा. बरेच जण पहिल्या दोनला हो म्हणतात आणि तिसऱ्याला नाही. तो नकार पाळला गेलाच पाहिजे. बॅचच्या ग्रुपवर सगळ्यांचे नंबर असलेली एक्सेल फाइल टाकणं हा तर अक्षम्य प्रकार आहे.

४. वाटचाल विचारताना पदाच्या मागे जाऊ नका

‘सध्या काय करता?’ एवढंच विचारलं की उत्तरात हुद्दा येतो आणि संवाद संपतो. टप्पे विचारा. पहिली कमाई कुठली? कामात मोठा बदल कधी झाला? स्वतःचं काही कधी सुरू केलं? पुढचं शिक्षण कधी घेतलं? निवृत्ती कधी?

आपल्या भागातल्या कामांना तयार फॉर्मचे रकाने पुरत नाहीत, हे लक्षात घ्या. खानापूर, आटपाडी, विटा भागातली मुलं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. दक्षिणेतल्या किंवा बंगालमधल्या एखाद्या बाजारपेठेत दुकान असलेला बी.कॉम. झालेला मुलगा स्वतःला ‘करिअर’वाला मानत नाही, म्हणून फॉर्म भरत नाही. तासगाव-मिरजेकडचा द्राक्षबागायतदार ‘शेतीच करतो’ एवढंच लिहून मोकळा होतो. त्याने पहिली बाग कधी लावली, निर्यात कधी सुरू केली, हे सगळे टप्पेच आहेत. त्याला फोन मात्र ऑक्टोबरच्या छाटणीत करू नका, आणि माल उतरायच्या दिवसांतही नको. साताऱ्याकडे सैन्यातून निवृत्त झालेले खूप. त्यांच्या बाबतीत युनिट आणि नेमणुकीचा तपशील ते जेवढा सांगतील तेवढाच घ्या.

रयतच्या महाविद्यालयांत शिकलेल्यांना एक प्रश्न जादा विचारा: ‘कमवा आणि शिका’त काय काम केलं? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते याच विचाराने. शेतात राबून, बांधकामावर काम करून शिकलेल्या माणसाचा पहिला टप्पा पदवीच्या आधी सुरू झालेला असतो. तो नोंदीत सगळ्यात वर यायला हवा.

शिक्षण किंवा नोकरी अर्ध्यावर सोडून संसारात गेलेल्या आणि पुढे पंधरा वर्षांनी पुन्हा उभ्या राहिलेल्या स्त्रियांची नोंद घेताना मधली वर्षं रिकामी दाखवू नका. त्यांना त्या वर्षांबद्दल काय लिहावंसं वाटतं ते विचारा आणि तसंच लिहा.

५. सेवेबद्दल विचारायची पद्धत

‘आपण काही सामाजिक कार्य करता का?’ या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेलं उत्तर मिळतं: ‘छे हो, त्यात काय सांगायचं!’ हा प्रश्न फॉर्मवर असेल तर रकाना कोरा राहतो, नाहीतर ‘सामाजिक कार्याची आवड’ असं लिहून येतं, ज्याला काहीच अर्थ नाही.

त्याऐवजी फोनवर किंवा समोर बसून नेमकं विचारा:

- २००५, २०१९, २०२१ च्या महापुरात तुम्ही कुठे होता? काय करत होता?
- गावातल्या शाळेत, वाचनालयात, तालमीत, पाणलोटाच्या कामात कधी हात लावला का?
- कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत होता का? शिबिर कुठल्या गावात झालं? त्या गावाशी अजून संबंध आहे का?
- सुट्टीच्या दिवशी घराबाहेर कुठे जाता?

पुराचा प्रश्न सांगलीत कधी वाया जात नाही. कोणी गावभागातून म्हातारीकोतारी माणसं बाहेर काढलेली असतात, कोणी मंगल कार्यालयात शेकडो माणसांचा स्वयंपाक सांभाळलेला असतो, कोणी पाणी ओसरल्यावर शाळेतला चिखल काढलेला असतो. साताऱ्याच्या माण, खटाव, कोरेगाव भागात हाच प्रश्न पाण्याच्या कामाचा विचारा. २०१६ च्या पहिल्या वॉटर कपमध्ये (पानी फाउंडेशनची गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा) कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव पहिलं आलं. त्या काळात आजूबाजूच्या गावांत श्रमदानाला गेलेली कितीतरी शिकलेली मुलं आहेत.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या हजेरीवह्या इथे कामाला येतात. ही योजना १९६९ पासूनची. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असा तिचा साचा. शिबिरातल्या मुलांची यादी घ्या आणि त्यांना आधी फोन करा. सेवेच्या नोंदी तिथूनच सगळ्यात लवकर मिळतात असा माझा अनुभव आहे. उरलेल्यांची माहिती त्यांच्या मित्रांकडून काढा. स्वतःबद्दल तोंड न उघडणारा माणूस वर्गमित्राबद्दल भरभरून बोलतो. मात्र मित्राने सांगितलेलं छापण्याआधी त्या माणसाचा होकार घ्या.

सेवा कशाला म्हणायचं, याचा नियम आधीच लिहून ठेवा. आमचा असा आहे. ज्या कामाचा पगार मिळतो ते वाटचालीत. सरकारी डॉक्टरने ड्यूटीवर घेतलेलं शिबिर, कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागातली नोकरी, सैन्यातली कारकीर्द, हे सगळं आदराने पण वाटचालीत. निवडून आलेलं पद वेगळ्या रकान्यात. देणगी वेगळी आणि दिलेला वेळ वेगळा. हा नियम नसेल तर पुढारी मंडळींची नोंद दोन पानांची होते आणि दर रविवारी मिरजेच्या रुग्णालयात परगावच्या नातेवाइकांना डबा पोचवणाऱ्या बाईंची एक ओळही येत नाही.

६. पडताळणी

वाटचालीसाठी नेमणुकीचं पत्र, उद्यम नोंदणी, पीएच.डी.ची अधिसूचना, निवृत्तीचा आदेश यातलं एखादं कागदपत्र नुसतं पाहून परत करायचं. झेरॉक्स ठेवायची नाही. ‘पाहिले’ अशी खूण, तारीख आणि सही पुरे.

सेवेला सहसा कागद नसतो. तिथे दोन साक्षी घ्या, त्यातला एक लाभ घेणाऱ्या बाजूचा: शाळेचे मुख्याध्यापक, सरपंच, रक्तपेढी. थोडा हिशोबही करून बघा. पुरुषाला दोन रक्तदानांत तीन महिन्यांचं आणि स्त्रीला चार महिन्यांचं अंतर ठेवावं लागतं. म्हणजे शंभर वेळा रक्तदान करायला पुरुषाला साधारण पंचवीस वर्षं लागतात. चाळिशीतल्या माणसाने शंभराचा आकडा दिला तर रक्तपेढीचं कार्ड मागा. प्लेटलेट्स दिल्या असतील तर तो आकडा वाढू शकतो, कारण त्यांना अंतर कमी लागतं. पण मग तसं स्पष्ट लिहा.

शंका उरली तर तेवढा भाग वगळा, बाकीची नोंद छापायला जाऊ द्या. माणसाला खोटं पाडायला आपण बसलेलो नाही.

७. नोंद लिहिणं

नेहमी दिसणारी नोंद अशी असते: ‘प्रतिष्ठित कंपनीत उच्च पदावर कार्यरत. सामाजिक कार्याची आवड.’

तीच माणसाशी बोलून कशी होते, याचा एक कल्पित नमुना:

‘बी.एस्सी. (रसायनशास्त्र), १९९४. गाव कवठेमहांकाळ. १९९५ ते २००३ कुपवाड औद्योगिक वसाहतीत प्रयोगशाळा साहाय्यक. २००३ पासून स्वतःची माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळा, सहा जण कामाला. २०१२ पासून दर उन्हाळ्यात जत तालुक्यात टँकरने येणाऱ्या पाण्याची विनामूल्य तपासणी. २०१९ च्या महापुरानंतर नदीकाठच्या गावांतल्या विहिरींचं पाणी तपासून ग्रामपंचायतींना अहवाल दिले. महाविद्यालयात प्रात्यक्षिक शिकवायला वर्षातून चार दिवस देऊ शकतात.’

विशेषणं काढा, वर्षं आणि गावं घाला. दोन्ही नोंदी वाचून बघा, दुसऱ्या नोंदीतला माणूस आत्ता शिकणाऱ्या मुलीच्या उपयोगाचा आहे. तिला कोणाला फोन करायचा ते कळतं. सगळ्यांना साधारण सारखीच जागा द्या, मग तो कुलगुरू असो की एसटीचा वाहक. क्रम बॅचप्रमाणे आणि त्यात नावाच्या अकारविल्हे.

दिवंगत झालेल्यांची नोंदही घ्या. घरच्यांशी बोलून, त्यांना लिहून दाखवून. हे काम फोनवर उरकू नका, शक्य असेल तर घरी जा.

८. संघाची नोंदणी आणि पैसा

नोंदवहीसाठी नोंदणीकृत संघ लागतोच असं नाही. पण देणग्या घ्यायच्या असतील तर लागतो. किमान सात सभासद, ज्ञापन आणि नियमावली, कार्यकारिणीची यादी आणि संमतिपत्रं, जागेच्या मालकाचं ना-हरकत पत्र, वीजबिल, आणि महाविद्यालयाचं नाव वापरायला संस्थेची लेखी परवानगी, एवढं घेऊन सांगली किंवा साताऱ्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज होतो. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा, दोन्हींखाली नोंदणी होते. इथे काही सापळे आहेत:

- कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज. तो राहिला की पुढे बँक सह्या बदलून देत नाही आणि खातं अडकतं.
- आयकराची सवलत हवी असेल तर स्वतंत्र नोंदणी लागते, ती सनदी लेखापालाकडूनच करून घ्या. दोन हजारांवरच्या रोख देणगीला देणगीदाराला सवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम बँकेतूनच घ्या.
- परदेशातल्या मित्राने पैसे पाठवले तर आधी पासपोर्ट कोणत्या देशाचा ते विचारा. भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ती परकीय देणगी ठरत नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते) असूनही ती परकीय देणगीच, आणि परकीय देणगी नियमन कायद्याखालच्या (एफसीआरए) नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही.

संघाचं सभासदत्व आणि विद्यापीठाच्या नोंदणीकृत पदवीधरांची मतदार नोंदणी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. त्यासाठी विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. हे फोन करताना प्रत्येकाला सांगून टाका, नाहीतर निवडणुकीच्या वेळी लोक तुम्हालाच जाब विचारतात.

९. दरवर्षीचा क्रम

जून-जुलैमध्ये नुकत्याच बाहेर पडलेल्या बॅचची नोंद. ती मुलं हाताशी असतानाच फॉर्म भरून घ्या, दाखला न्यायला येतात तेव्हा. दिवाळीत आणि गावच्या यात्रेत मुंबई-पुण्याची मंडळी घरी असतात. माथाडी, रिक्षाचालक, गिरणी कामगारांच्या घरातून शिकलेले कितीतरी जण वर्षातून तेवढ्याच वेळी भेटतात. यात्रेच्या तारखांची यादी करून ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीत पडताळणी. मार्चच्या आत छपाई, म्हणजे आर्थिक वर्षाच्या हिशोबात खर्च बसतो.

काम दुसऱ्याकडे सोपवताना पदभाराची यादी करा: ईमेलचा पासवर्ड, मोबाइलचं सिमकार्ड, शीटची मालकी, संमतिपत्रांच्या फायली, हाताने लिहिलेली वही. सिमकार्ड व्यक्तीच्या नावावर असेल तर ते आधी संघाच्या नावावर करून घ्या. वहीची एक प्रत ग्रंथालयात आणि एक प्राचार्यांच्या कार्यालयात ठेवा. नदीकाठी असलेल्या महाविद्यालयांनी ती तळमजल्यावर ठेवू नये.